परीक्षेला आलेलं वऱ्हाड

आमच्याकडे परीक्षेला एकटं जायची पद्धत. फार तर आई दारात हातावर दही ठेवणार, की निघा. ब्राझीलमध्ये म्हणे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला आईबाप, मावश्या, शेजारीपाजारी सगळे वर्गात येऊन बसतात. हॉलंडमध्ये, डेल्फ्टला माझ्याबरोबर राहणाऱ्या ब्राझिलियन मैत्रिणीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, ही परीक्षा आहे की लग्न?"

"आमच्याकडे दोन्हीत सारखंच रडतात," ती म्हणाली.

कोरोनाचे दिवस होते. विद्यापीठ बंद. बाहेर पडायचं ते सायकलवर, सुपरमार्केटपुरतं. वरच्या खोलीत ती, खालच्या खोलीत मी आणि दोघींत एक स्वयंपाकघर. तिथेच पुण्याहून माझ्या आईचा रोज व्हिडिओ कॉल यायचा, आणि आई माझ्यापेक्षा तिच्याशीच जास्त बोलायची. आईचं मराठी, तिचं पोर्तुगीज. मध्ये माझी गरज कुणालाच नव्हती.

मग तिची परीक्षा ऑनलाइन ठरली. व्हिसा संपत आला होता; नापास झाली असती तर रिकाम्या हाताने विमानात बसायचं. शिवणकाम करून लेकीला इतक्या लांब धाडलेल्या तिच्या आईला तर एकच ध्यास होता, लेकीला परीक्षा देताना बघायचं. इंग्रजीचा गंध नसला म्हणून काय झालं!

त्या दुपारी लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर वऱ्हाडच उतरलं. एका चौकोनात तिची आई, अंगात ठेवणीतला ड्रेस, मागे मावश्या, कडेवर पोरं, एक कुत्रा. बाकीचे चौकोनही असेच भरलेले. डच प्रोफेसर नुसते बघत राहिले. मंडळींचे माइक बंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी तिच्याच खोलीत, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, माझा लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवर फतकल मारून बसले आणि एकेकाला गप्प करत सुटले. तिने नुसतं "गुड आफ्टरनून" म्हटलं तर तिकडे टाळ्या! बरं झालं, आवाज येत नव्हता.

बंदरात साचणाऱ्या गाळावर ती छान बोलली. मग प्रोफेसरांनी असा काही वाकडा प्रश्न टाकला की ही गप्पच. चेहरा पांढराफटक. गेलं सगळं, असं वाटलं. इतक्यात खोलीत खणखणीत आवाज घुमला, "अगं, पाणी पी आधी!"

माझी आई! अख्ख्या ब्राझीलला गप्प बसवणारी मी, पुण्याहून त्याच कॉलवर येऊन बसलेल्या स्वतःच्या आईला विसरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एवढं मराठी मैत्रिणीला रोजच्या ऐकण्याने पाठ झालं होतं. तिने मुकाट्याने ग्लास उचलला, घटाघटा पाणी प्यायली आणि उत्तर द्यायला लागली. प्रोफेसरांनीही आपला ग्लास तोंडाला लावला.

थोड्या वेळाने त्यांनी निकाल सांगितला. पास! आणि ही बया चेहरा ओंजळीत लपवून हमसून हमसून रडायला लागली. तिकडे इंग्रजी कुणाला कळतंय! टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले, मावश्यांची तोंडं उतरली. तिची आई पडद्याला नाक लावून काहीतरी सांगत होती, आणि तिचा माइक मीच बंद केलेला. घाईघाईत मला तो चौकोन सापडेना. सापडला एकदाचा. आईचा आवाज खोलीत आला तशी हिने मान वर केली, जोरजोरात हात हलवले आणि पोर्तुगीजमध्ये काहीतरी ओरडली. मग जो काय कल्ला झाला म्हणता! कुत्राही भुंकत होता. प्रोफेसर हळूच निघून गेले.

सगळं शांत झाल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होती गं तुझी आई?"

तिने नाक पुसलं. "तिला वाटलं, मी नापास झाले. म्हणाली, खड्ड्यात गेली त्यांची डिग्री, तू घरी ये. मला एक अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांत छान तूच बोललीस."