खांडीला पाठ लावलेली बाई

रोह्याला फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात मी नऊ वर्षं डिझाइनचं काम केलं. वाढदिवसाचे बॅनर हे आमचं रोजचं काम. मध्ये ज्याचा वाढदिवस तो, हात जोडलेला किंवा कानाला फोन लावलेला, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा. कधी बारा चेहरे, कधी चाळीस. एखाद्याचा फोटो राहिला तर संध्याकाळी तो माणूस दुकानात हजर. त्यामुळे माझ्या हाताला एक सवय लागून गेली होती: कुणालाही वगळायचं नाही.

हीच सवय मी आमच्या गेमच्या कव्हरवरही घेऊन गेले.

गेम आम्हा नवराबायकोचा. नवरा इथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. प्रोग्रामिंग तो स्वतःच शिकला. चित्रं माझी, आणि विषय माझ्या माहेरचा. पेण तालुक्यात खाडीच्या काठाला आमची शेतं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये फक्त मातीचा बांध. उधाणाच्या पाण्याने तो फुटला की खांड गेली म्हणतात, आणि खारं पाणी एकदा आत शिरलं की त्या शेतात पुढे दोन-तीन वर्षं धड भात होत नाही. आमच्या गेममध्ये भरती चढायच्या आत गावातली माणसं गोळा करून खांड बुजवायची असते. नावही 'खांड'च ठेवलं.

तीन वर्षं खपून गेम तयार होत आला तेव्हा ऑनलाइन दुकानात त्याचं पान उघडायची वेळ आली. मी कव्हर काढलं. त्यात बांध होता, मिठागरं होती, होड्या, तिवरं, बगळे, खेकडे, मागे डोंगर, आणि गावातली सगळी माणसं ओळीने उभी. महिनाभर राबले होते मी त्यावर. नवरा खूश, मी खूश.

त्या दुकानात लोक आवडलेला गेम स्वतःच्या यादीत टाकून ठेवतात. आमचा गेम यादीत टाकणारे जवळपास सगळे आमच्या ओळखीचेच निघाले. परक्या माणसाने पान उघडूनसुद्धा बघितलं नाही. नवरा म्हणाला, "गेमच कुणाला नको असेल." तो हे शांतपणे म्हणाला, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ऑनलाइन दुकानातलं, सगळे गेम ओळीने दिसतात ते पान फोनवर दिसतं त्याच मापात कागदावर छापलं. वीस गेमची वीस छोटी चित्रं, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, त्यात एक आमचं. कागद पर्समध्ये टाकला आणि रविवारी माहेरी गेले. तिथे माझी काकू असते. तिचं सगळं आयुष्य शेतात आणि मिठागरावर गेलं आहे.

"यातला आमचा गेम कुठला, ओळख बघू," मी म्हटलं.

तिने कागद हातभर लांब धरला. बोट फिरत फिरत एका वेगळ्याच चित्रावर थांबलं. त्यात एका खोल खड्ड्यात एक माणूस वर बघत होता, बाकी सगळा काळोख.

"ह्याला काय झाला गो? पडला का?"

"तो दुसऱ्याच कुणाचा आहे. आपला शोध."

ती पुन्हा बघत राहिली. "ह्यो हिरवा? शेवाळ धरल्यासारखा हाय, त्यो?"

शेवाळ धरलेला तोच आमचा.

मी फोनवर ते चित्र मोठं करून दाखवलं. तेव्हा मात्र तिचा चेहरा खुलला. तिने होड्या ओळखल्या, तिवरं ओळखली, खेकडे बघून हसली. मग म्हणाली, "सगळा छान हाय. पन खांड कुठं हाय?"

खांड डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात होती. नखाएवढी.

"अशी खांड लांबनं बघतात व्हय?" काकू म्हणाली. मग ती मला एक जुनी गोष्ट सांगू लागली, जी मी घरात तोपर्यंत कधी ऐकली नव्हती. लग्न होऊन ती गावात आली त्याच्या पुढच्याच वर्षी आमच्या शेताजवळ बांध फुटायला लागला. खांड लहान होती, पण रुंदावत होती. ती एकटीच तिथे होती. हाका मारल्यावर माणसं माती आणायला धावली.

"माती येईतवर पानी थांबल का? मंग मी पाठ लावून बसले."

"म्हणजे कशी?"

काकू उठली, ओट्याच्या भिंतीशी गेली आणि जमिनीवर बसली. पाठ भिंतीला दाबलेली, टाचा मातीत रोवलेल्या, दोन्ही हात दोन बाजूंना ताणलेले. मान उजवीकडे वळवून ती अंगणापलीकडे बघू लागली. "अशी. पानी खांद्यावरनं येत होता. मी बघत होते, मान्सा कवा येतात."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन मी उठले असते तर कोन बसला असता?"

मी तशीच समोर बसले आणि फोटो काढला. तिने पदर सारखा करायला हात हलवला तेव्हा मी म्हटलं, "राहू दे, हात नको हलवूस." ती पुन्हा तशीच ताठ बसली. त्याच क्षणी मला कव्हर दिसलं. कधी एकदा रोह्याला पोचते असं मला झालं.

नवीन चित्रात एकच बाई आहे. अंगावर लालभडक लुगडं, मागे काळा चिखल, एका खांद्यावरून उतरणारं पांढुरकं पाणी. तिचे हात चित्राच्या दोन्ही कडांना भिडलेले, आणि ती चौकटीबाहेर कुणाची तरी वाट बघतेय. वरच्या काळ्या मातीत जाड अक्षरांत नाव. बगळे, होड्या, डोंगर, गाव, सगळं मी काढून टाकलं. प्रत्येक गोष्ट पुसताना हात अडखळत होता. चौथ्या दिवशी चित्र लहान करून फोनवर बघितलं. नखाएवढ्या मापातही ती बाई बसलेली दिसत होती.

नवऱ्याने बघितलं आणि पहिलं विचारलं, "खेकडे कुठायत?" बांध पोखरणारे खेकडे नीट चालावेत म्हणून त्याने चार महिने घातले होते.

"गेममध्ये आहेत."

"ते लोकांना कळणार कसं?"

"आधी लोक थांबू देत. मग आत येऊन बघतील."

तो उठून आत निघून गेला. तो रागावलाय असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर त्याने कंपनीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर बरोबरच्या माणसांच्या हातात फोन दिला. दुकानातल्यासारख्या गेमच्या यादीत त्याने आमची दोन्ही कव्हरं लांब लांब ठेवली होती. "वर सरकवत जा," त्याने सांगितलं, "वाटेल तिथे थांब." जुन्या कव्हरवर कुणीच थांबलं नाही. नव्यावर पहिला माणूस थांबला आणि म्हणाला, "हिच्या मदतीला कोणी येतंय की नाय?" दुसराही तिथेच थांबला. तिसऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

घरी येऊन नवरा चप्पल काढायच्या आधी म्हणाला, "लाव ते चित्र."

सोमवारी कव्हर बदललं. शुक्रवारपर्यंत रोज इतके परके लोक गेम यादीत टाकू लागले, जितके आधी महिनाभरात फिरकले नव्हते. संदेश येऊ लागले. हॉलंडमधल्या एका बाईने लिहिलं की तिच्याकडेही शेतं पाण्याच्या पातळीखालीच असतात आणि तिचे आजोबा बांधावर पहारा करायचे. कुणीतरी त्या बाईचं नाव विचारलं. पानावरचा व्हिडिओ बघून खेकड्यांचं कौतुकही आलं; ते मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

मग एका सकाळी मी दुकानात कुणाचा तरी बॅनर बनवत असताना सहज पान उघडलं, तर ऑनलाइन दुकानाच्या पहिल्याच पानावर, सगळ्यांत वर, लाल लुगडं. आधी वाटलं, हे मला एकटीलाच असं दिसत असेल. मी शेजारच्या मुलीच्या फोनवर उघडायला लावलं. तिथेही तेच. नवरा पहिल्या शिफ्टला होता आणि प्लांटमध्ये फोन नेता येत नाही. मी मालकांना सांगितलं, आज दुपारी मी नाही, आणि स्कूटर काढली.

तीनला भोंगा झाला. तो बाहेर आला आणि मला गेटवर बघून घाबरला. "काय झालं?"

मी नुसता फोन पुढे केला.

त्याने बघितलं. तो टपरीच्या बाकावर बसला, फोन परत दिला, आणि मग पुन्हा मागून घेतला. बरोबरची माणसं गोळा झाली. फोन हातोहात फिरला. कंपनीची बस हॉर्न देत राहिली, शेवटी त्याला न घेताच निघाली.

आम्ही स्कूटरवर परत आलो. मी चालवत होते. मागे बसून तो कुंडलिकेच्या पुलापर्यंत एकेक संदेश वाऱ्यावर ओरडून वाचत होता, आणि मी प्रत्येक वेळी म्हणत होते, "परत वाच."