अंबरपेठच्या सायकलवाल्या काकी

आमच्या अंबरपेठच्या सायकलवाल्या काकींना पोरींची नावं, इयत्ता, टक्के यात काडीचाही रस नव्हता. जिन्यात नवी पोरगी दिसली की पहिला प्रश्न, "सायकल येते का गं?" येते म्हटलं की "रविवारी पहाटे खाली ये." नाही म्हटलं की "मग आज संध्याकाळीच खाली ये." सुटका कशानेच नव्हती.

साठीच्या घरातली बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगात सलवार-कमीज. रविवारी उजाडताच त्या पुढे आणि सोसायटीतल्या मराठी घरांतल्या पोरी मागे, अशी वरात कोठीच्या चौकावरून जामबागेपर्यंत जायची आणि येताना बंडीवर, म्हणजे हातगाडीवर, इडली खाऊन परतायची. एखाद्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला की काकी हात आडवा करून म्हणायच्या, "कैकू हारन मारते भाई, बच्चियां सीख रैं. जरा ठैरो!" आणि गंमत म्हणजे तो थांबायचा.

माझी सई तेव्हा नववीत होती. मी तिला पाठवत नव्हते. मला भीती वाटायची, सरळ सांगते. इथली वाहतूक पाहिली की मला चालत रस्ता ओलांडतानाही देव आठवतात. काकींनी एकदा मला गाठलंच. "घरात बसवून काय लोणचं घालायलीस का पोरीचं?"

त्या संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेलो. बाकीच्या बायका वाट्या, डबे लुटतात. काकींनी वाण म्हणून सायकलच्या घंट्या लुटल्या. काकांना बेगम बाजारात पिटाळून घाऊक आणवल्या होत्या. सासूबाईंनी ती घंटी उलटीसुलटी करून विचारलं, "यात ठेवायचं काय?" काकी म्हणाल्या, "काही नाही ठेवायचं. हिला एक सायकल लावा, बस." सईने ती घरभर इतकी वाजवली की महिन्याच्या आत ह्यांनी हात टेकले आणि सायकल आणली.

काका स्वतः कधी सायकलवर बसले नाहीत. पण शनिवारी संध्याकाळी पंप घेऊन खाली बसायचे आणि सगळ्यांच्या चाकांत हवा भरून द्यायचे. "बायकोचं वऱ्हाड आहे, बघायला नको?" म्हणायचे. त्या दोघांचं मला फार कौतुक होतं.

सई कॉलेजात गेली त्या वर्षी, दिवाळीनंतर, काका अचानक गेले. नांदेडहून आलेल्या काकींच्या मोठ्या जाऊबाई मुक्कामाला राहिल्या आणि म्हणाल्या, "वर्ष सरेपर्यंत तरी रस्त्यानं मिरवू नको." जन्मात कुणाचं न ऐकलेल्या काकी हे मात्र ऐकून बसल्या. पुण्याला ये म्हणून मुलगा कधीचा मागे लागला होता, त्यालाही हो म्हणाल्या. पोरींना निरोप आला, "तुम्ही जात जा गं. माझं झालं आता." तो निरोप ऐकून मला रडू आलं.

पुढच्या रविवारी गॅलरीतून पाहिलं, तर सगळ्या पोरी सायकली धरून काकींच्या खिडकीखाली उभ्या. ना हाक, ना दंगा. ऊन वर आलं तरी हलेनात. शेवटी काकीच खाली आल्या.

"इथं काय करायलात? गेला का नाहीत अजून?"

"काकी, रस्ता सापडत नाही," सई म्हणाली. "मागच्या रविवारी पण चुकलो आम्ही." बाकीच्यांनी गंभीरपणे माना हलवल्या.

रोज सायकलने जामबागेच्या कॉलेजला जाणारी माझी लेक! मी वर पदर तोंडाला लावून उभी.

काकी तिच्याकडे बघत राहिल्या. मग खिडकीतल्या जाऊबाईंकडे पाहिलं. "किती खोटं बोलशील गं," म्हणत डोळे पुसले आणि जिन्याखालची आपली सायकल बाहेर काढली. जाऊबाईंनी खिडकी लावून घेतली.

काकी पुण्याला लेकाकडे गेल्याच, पण उन्हाळ्यात. तोवर एकाही रविवारी आमच्या पोरींना जामबागेचा रस्ता सापडला नाही.