ताणावरचा बगीचा

गुणवंताभाऊ कोणाला नाही म्हणत नसे. मराठीत एम.ए. करून मी गावी, रामाकोन्याला परतलो, तेव्हा माझ्या कविता शेवटपर्यंत ऐकणारा तो एकटाच निघाला. ऐकून म्हणायचा, "बरं झालं." काय बरं झालं, ते मी विचारलं नाही.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या संत्र्यांचा पहिला मृगबहार धरायचा होता. त्यासाठी मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतात, त्यांना ताण देतात. पानं वळतात, फांद्या सुकल्यासारख्या दिसतात. मग पाऊस पडला की झाड फुलतं. मध्येच पाणी दिलं तर ताण मोडतो आणि वर्ष जातं.

त्याच महिन्यात सरकारी योजनेतून त्याच्या विहिरीवर पंप बसला. उद्घाटनाला छिंदवाड्याहून साहेब आले. सोबत फोटोवाला.

साहेबांनी बगीचा पाहिला. "अरे, पेड़ तो मर रहे हैं! पानी छोड़ो."

मलाही झाडं मेलेलीच वाटत होती.

"बहार के वास्ते पानी तोडा है, साहेब," गुणवंता म्हणाला.

"तो पंप किसलिए दिया है?"

"छोडता हूँ ना, साहेब."

त्यानं पंप लावला, फावडं घेतलं आणि पाणी उलट्या बाजूला, धुऱ्यापलीकडे म्हणजे बांधापलीकडे वळवलं. तिकडे अंबाबाईची वांगी होती. अंबाबाई त्याची विधवा वहिनी. त्याच धुऱ्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"काहून भाऊजी, माह्या वावरात काहून पाणी सोडून राहिले?"

"राहू द्या ना, वयनी. पाहुने हायेत."

"पाहुने तुमचे अन् चिखल माह्या घरचा!"

साहेब झाडांपाशी पाण्याची वाट पाहत उभे होते.

"येऊन राहिलं, साहेब," गुणवंता म्हणाला. विहीर समोरच होती.

साहेबांना उजेडात जामसांवलीच्या देवळात दर्शन घ्यायचं होतं. शेवटी जिथं पाणी होतं तिथं, अंबाबाईच्या वांग्यांत, तिच्यासकट फोटो निघाला. योजनेच्या अहवालात प्रगतिशील शेतकरी म्हणून अंबाबाईचं नाव लागलं. तिनं तो मान मनावर घेतला. रोज सकाळी धुऱ्यावर उभी राहून ती पंप लावायला सांगू लागली. तो लावू लागला. वांगी सौंसरच्या बाजारात जाऊ लागली.

जूनमध्ये पाऊस पडला आणि बगीचा फुलांनी पांढरा झाला.

फेब्रुवारीत साहेब अंबाबाईची प्रगती पाहायला आले. संत्र्यांच्या लगडलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू लावले होते. साहेब थांबले.

"वो सूखे पेड़ कहाँ गए?"

गुणवंतानं झाडांकडे पाहिलं. साहेबांकडे पाहिलं.

"मर गए, साहेब. ये नए लगाए."

"इतने दिनों में इतने बड़े?"

"आपके पंप का पानी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. अंबाबाईनं तोंडाला पदर लावला. मी गुणवंताकडे पाहत राहिलो. तो गंभीर होता.

जीप गेल्यावर अंबाबाई म्हणाली, "भाऊजी, दोन-चार संत्रे त द्यायचे होते सरकारले."

"मांगले नाई त्याहिनं," गुणवंता म्हणाला. "मांगले असते त देल्ले असते."