देवाचा बल्ब आणि आईचा पंखा

वायरमनला बोलावण्याआधी घरातला पुरुष जो उद्योग करतो, त्याला आमच्या घरात "जरा बघतो" म्हणतात. मी हातात टेस्टर घेऊन "जरा बघतो" म्हणालो, की बायको पोरांना अंगणात काढते आणि गॅस बंद करते. गॅसचा आणि विजेचा काय संबंध, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "तुमचं काही सांगता येत नाही."

औरंगाबादेत गारखेड्यात घर बांधलं तेव्हाची गोष्ट. तेव्हा आमच्या मागं ज्वारीची शेतं होती आणि रिक्षावाले यायला कुरकुरायचे. मागची खोली मी मुद्दाम आईसाठी काढली होती. वडील गेल्यापासून ती पाचोडला एकटी राहायची. मी दरवर्षी बोलवायचो, ती दरवर्षी "बघू" म्हणायची. त्या उन्हाळ्यात कशी कोण जाणे, तयार झाली. पण येतानाच बजावलं, "उन्हाळाभर राहून बघते. जीव रमला तर राहीन, नाय तर पाचोडची यष्टी धरीन." तिनं राहावं अशी माझी फार इच्छा होती. बायकोची तर माझ्याहून जास्त. त्या दोघींचं माझ्याविषयी एकमत होतं.

ती खोली मागाहून काढलेली, त्यामुळं तिथं लाईट फिटिंग नव्हतं. एक पंखा आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात एक बल्ब, एवढंच तर काम. त्याला वायरमन कशाला? मी एका रविवारी जरा बघितलं.

माझा हिशेब सरळ होता. बटणापासून पंख्यापर्यंत वायर न्यायची, तर देव्हारा वाटेतच पडतो. मग दोन वायरी कशाला? यष्टी जशी आडवळणाच्या गावाला शिरून पुढं जाते, तशी वीज आधी देवाला जाईल, दर्शन घेईल आणि मग पंख्याकडं जाईल. शाळेत असं काही करू नका म्हणून शिकवलं होतं, एवढं अंधुक आठवत होतं. कशाला करू नका, ते आठवत नव्हतं.

परिणाम असा झाला, की देवाचा बल्ब लावल्याशिवाय पंखा हलायचा नाही. आणि लावल्यावर बल्ब एवढा मिणमिणता, की देव आजारी वाटायचे. पंखा इतक्या सावकाश फिरायचा, की पात्यावर बसलेली माशी उठायचे कष्ट घ्यायची नाही.

आमच्या आईच्या बोलण्याचे नियम कडक. दिवा विझव म्हणायचं नाही, बंद कर म्हणायचं नाही. दिव्याला निरोप दे म्हणायचं. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. डब्यातलं पीठ संपलं म्हणायचं नाही. मी कॉलेजात गेल्यापासून या सगळ्याला हसत आलो होतो. तर झोपताना तिनं देवाच्या बल्बला निरोप दिला आणि पंखाही निरोप घेऊन थांबला.

"हे काय रे?" तिनं विचारलं. "देव निजले की वारा बी निजतो?"

"आई, ही नवीन पद्धत आहे," मी म्हणालो. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"लई चांगली पद्धत. मंग मला झोप यावी म्हनून देवानं रातभर जागायचं?"

देवाला जागवणं काही तिला पटेना. ती उकाड्यात सुपानं वारा घेत पडायची आणि दिवसभर दारात बसायची. दारात बसूनही उपयोग नव्हता. आमच्या लाइनीत सगळे नोकरीवाले, दारं लावून घेणारे. पाचोडला तिच्या ओट्यावरून सबंध गाव जायचं. इथं एक भंगारवाला जायचा, आणि तोही बोलायला थांबायचा नाही. एका सकाळी तिनं बायकोला सहज विचारलं, "पाचोडची पहिली यष्टी किती वाजता असती गं?"

बायको थेट माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "वायरमन आणा. आजच्या आज. 'जरा बघतो' म्हणालात तर त्याच यष्टीनं मीही जाईन."

सिटी चौकात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाबाहेर एक म्हातारे वायरमन बसायचे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मी त्यांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून निघालो. मांडीवर पिशवी घेऊन ते मागून सूचना देत होते. क्रांती चौकाच्या उतारावर म्हणाले, "साब, पंखा बाद में देखते. पहले ये ब्रेक देखो."

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "सिडी है?" शिडी नव्हती. त्यांच्याकडंही नव्हती; म्हणाले, शिडी वाहण्यात उमर गेली, आता गिऱ्हाइकाची वापरतो. टेबलावर स्टूल ठेवून ते चढले. माझं काम वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ये किसने किया?"

"आधीच्या वायरमननं," मी म्हणालो.

"कहाँ का था?"

"वैजापूरचा."

"उसकू वापिस वैजापूर भेजो."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "गेले नाहीत अजून ते."

काम सुरू झालं. मी पडवीतल्या मेन स्विचपाशी आणि खोलीतल्या बटणापाशी अशा फेऱ्या मारत होतो. आई त्याच खोलीत खाली बसून वर्षाचं तिखट चाळत होती. अंगणात वारं होतं, आणि अख्ख्या औरंगाबादेत वारा नसलेली एवढीच एक जागा होती, हे मात्र माझं कर्तृत्व. वर्तमानपत्रावर तिखटाचा लाल ढीग, वर चाचा, मध्ये मी.

बल्बचा पाश तोडून चाचांनी पंखा सरळ जोडला. मग स्टुलावरून टेबलावर उतरून मला मेन लावायला सांगितलं. मी मेन लावला, आत आलो, रेग्युलेटर एकवर ठेवला आणि बटण दाबलं. पंखा फिरला. आपल्याआपण, देवाच्या मदतीशिवाय! आम्ही तिघंही वर बघत राहिलो. तेवढ्यात पंख्याच्या दांडीवरची वाटी सरकून खडखडायला लागली. चाचा एका बाजूला झुकले, हात वर केला आणि ओरडले, "बढाओ! साब, बढाओ!"

मी बढावला. एकवरून थेट पाचवर.

त्यापुढचं नीट सांगता येत नाही, कारण डोळे मिटलेले होते. चाचांनी टेबलावरून त्यांच्या वयाला न शोभणारी उडी मारली, एवढं पाहिलं. मग वर्तमानपत्र उठलं आणि वर्षाचं तिखट आमच्या चौघांच्या नाकात गेलं. चौघांच्या, कारण बायको काय झालं बघायला बरोबर त्याच वेळी आत आली.

"अरे बढाओ बोल्या ना!" चाचा खोकत खोकत ओरडले.

"पाचावर आहे!" मीही ओरडलो. "पुढं आकडाच नाही!"

"बढाओ साब, बढाओ!"

"अहो, रेग्युलेटर तुटेल आता!"

शेवटी आईनं पदर नाकाला लावला, चाचपडत भिंतीपाशी गेली आणि बटण वर केलं. पंखा थांबला. बराच वेळ खोलीत फक्त शिंका होत्या.

मी डोळे पुसत म्हणालो, "तुम्हीच म्हणालात वाढवा."

"वाढव नाय म्हनला तो," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती. "बढाव म्हनला. बढाव म्हंजे निरोप दे. येवढं शिकून तुला येवढं कळंना? निझामाच्या वक्ताला दुकानदार सांजच्याला दुकान बढावायचे, ते काय मोठं बांधायचे का?"

चाचा तिच्याकडं बघतच राहिले. "अम्मा, आपकू मालूम?"

"न मालूम व्हायला काय झालं?"

मग कळलं ते असं. चाचांची आई मणियारीण, बांगड्या भरणारी. तिच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणायचं नाही. बढ गई म्हणायचं. "टूटी बोल्या तो मुंह पे मारती थी," चाचा म्हणाले. दिवा बुझाया नाही, बढाया. दुकान बंद नाही, बढाया. पुढं ते वायरमन झाले, पण जीभ तीच राहिली. आयुष्यभर लोकांच्या घरात उभं राहून 'बंद करो' म्हणायला त्यांना धजवलं नाही. आणि आयुष्यभरात त्यांचं ऐकून पंखा वाढवणारा मीच पहिला, असं त्यांनी अल्लाची शपथ घेऊन सांगितलं.

"आमच्यात बी बांगडी वाढलीच म्हनत्यात," आई म्हणाली. वडील गेल्यापासून तिचे हात मोकळे होते. तिनं ते पदरात घेतले. "कोनत्या बाजाराला जायची तुमची आई?"

"पैठण जाती थी. पाचोड बी."

झालं. पाचोडच्या बाजारात बांगडीवाल्यांची रांग लागायची. पण आपल्या लग्नातला चुडा याच्याच आईनं भरला, हे आईनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. चाचांनीही हरकत घेतली नाही. मग बाजार कुठं भरायचा, कुठल्या चिंचेखाली, कोण पाणी पाजायचं, असं सुरू झालं. मी वाटी घट्ट करून घ्या म्हणून तीनदा खाकरलो. बायको म्हणाली, तिखटानं घसा बसलाय त्यांचा, लक्ष देऊ नका.

पंखा झाला. बल्बला मात्र वायर पुरेना. मी तिचे वेडेवाकडे तुकडे करून ठेवले होते. चाचा पिशवी भरत म्हणाले, "देव का बाकी है. परसों आके करता."

परसों म्हणजे परवा, एवढं हिंदी मला येतं. मी परवाची रजा टाकली. टेबलावर स्टूल चढवून, बनियनवर सबंध दिवस दाराशी बसलो. संध्याकाळी आई म्हणाली, "कुनाची वाट बघतो रे?"

"चाचांची. परसों म्हणाले होते."

तिनं कपाळाला हात लावला. "अरे, त्यांचं परसों म्हंजे परवा नव्हं. परसों म्हंजे कवातरी."

मी घाबरलो ते यष्टीच्या आठवणीनं. पण आई म्हणाली, "काम अर्धं टाकून मी कशी उठू? तुझ्या भरवशावर देव सोडून?" तिनं देव्हाऱ्यात समई लावली आणि माझा बल्ब काढून बायकोला अडगळीत ठेवायला दिला.

चाचा मधूनमधून यायचे, पण पिशवीशिवाय. शेजारच्या लाइनीत कुणाकडं काम असलं, की पिशवी तिथंच ठेवून अम्माकडं चहाला टेकायचे. एकदा त्यांची सून घेऊन आली बांगड्यांची पेटी. बायकोच्या हाती चुडा भरला, मग शेजारच्या दोघीतिघी आल्या, आणि आमच्या लाइनीतली दारं उघडी राहायला लागली. उन्हाळा सरला, शाळा सुरू झाल्या. आईनं पाचोडच्या यष्टीचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

मग एका सकाळी चाचा खरंच आले. हातात वायरचं भेंडोळं, आणि खांद्यावर कुणाची तरी मागून आणलेली चक्क शिडी. मी दाढी करत होतो, तोंडाला फेस. "या, या!" म्हणून धावलो, तर बायकोनं मागून बनियन धरलं.

आई दारात उभी होती. तिनं शिडीकडं बघितलं, भेंडोळ्याकडं बघितलं.

"आज नाय जमायचं बाबा," ती म्हणाली. "लई कामं हायेत घरात. परसों या."

चाचांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग शिडी अंगणातच भिंतीला टेकवली आणि पायरीवर बसले.

"हौ अम्मा," ते म्हणाले. "परसों. चाय तो आज मिलेंगी?"