सीटखालची खाच

दुपारचं जेवण जरा जास्तच झालंय. उल्काताई घोरपडे म्हणतात, "मगदूमसाहेब, मागच्या खोलीत पडा घटकाभर. गाडी काही पळून जात नाही." त्यांच्या साताऱ्याच्या बंगल्यातली ही खोली थंड आहे. मी कॉटवर आडवा होतो. डोळे मिटतो, तरी सकाळपासून तपासलेली गाडीच समोर येते.

१९६४ सालची लाल इंग्लिश गाडी. दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची. उल्काताईंच्या यजमानांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेली. ते गेल्या वर्षी वारले, ताईंना ती आता विकायचीय. मला ती हवीय, पण सगळी मूळची असेल तरच. अशा गाड्यांत एकीचं पुढचं धड दुसरीच्या मागच्या धडाला जोडून वर रंग मारलेला असतो, आणि तो जोड सहजासहजी सापडत नाही. म्हणून सकाळभर मी पत्र्याला लोहचुंबक लावून पाहिला. आत पुट्टी भरली असेल तिथे तो धरत नाही. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी ताडला. दाराचं रबर उचलून खालचा रंग पाहिला.

सगळं जुळतंय.

कूलर घरघरतो. घरघर हळूहळू खाली उतरते, तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात.

"सगळं कुठं बघितलंस?"

कॉटच्या कडेला सन्मती बसलाय. माझा धाकटा भाऊ. एकवीस वर्षांचा, गेला तेव्हा होता तेवढाच. आंबोली घाटात गेला तो, एक्क्याण्णव सालच्या डिसेंबरात, आमच्या आप्पांच्या अशाच लाल गाडीत. गाडीचा सांगाडा आप्पांनी भंगारात घातला.

मला भीती वाटत नाही.

"सन्म्या, तू इथं कसा?"

"तू गाडी बघायला आलास, म्हणून मीपण आलो. चल की."

मी उठतो. दार उघडल्यावर व्हरांडा हवा, पण समोर थेट शेड आहे. गाडी उभी आहे. फरशीच्या जागी डांबर आहे, ओलं, आणि कडेला पांढरे रंगवलेले दगड. शेडच्या भिंतींतून धुकं आत येतंय. हा वास मला ठाऊक आहे. ओल्या झाडांचा, तापलेल्या ब्रेकचा.

सन्मती बॉनेटवरून हात फिरवतो. "पुढचं दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचं आहे, दादा. ते आपल्याला नको."

"आणि मागचं?"

"मागचं बघू."

तो डिकी उघडतो. आत स्टेपनी नाही, आमच्या इचलकरंजीच्या घराची जेवणाची खोली आहे. आई खाली बसून तांदूळ निवडतेय. आज आहे तेवढीच म्हातारी, चौऱ्याऐंशीची. भिंतीवर आप्पांचा हार घातलेला फोटो, आणि शेजारी नुसता खिळा. सन्मतीचा फोटो आप्पांनी लावू दिला नाही. "गाडी हातात आली की अक्कल गेली त्याची," एवढंच म्हणाले, आणि मरेपर्यंत त्याचं नाव घेतलं नाही.

आई खिळ्याकडे बघून म्हणते, "एवढ्या जोरात कशाला न्यायची रे गाडी, बाळा? कुठं जायचं होतं तुला?"

"रोज विचारती," सन्मती म्हणतो. "मी काय सांगू तिला?"

तो डिकी अलगद लावतो, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये तशी.

"आता इकडं ये. सकाळी हेवढंच राहिलं तुझं."

त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलंय. मी गुडघ्यांवर बसतो. डांबराचा गारवा पँटमधून आत शिरतो.

"सीटखाली हात घाल."

"कशाला?"

"घाल की."

मी हात घालतो. लोखंडी पट्टी लागते. सीट मागेपुढे सरकवायच्या खाचा, एकापुढे एक, करवतीच्या दातांसारख्या. सीटचा खटका कुठल्या खाचेत अडकलाय ते मी चाचपतो.

"कितवी?" तो विचारतो.

"शेवटची."

"म्हणजे सगळ्यात मागं."

"हो."

"हलवून बघ."

मी जोर लावतो. गंजून तिथेच घट्ट बसलीय. सन्मती माझ्या डोक्यावरून पाय टाकून आत बसतो, स्टिअरिंग धरतो. मी पाय बघतो त्याचे. आमच्या घरात तो सगळ्यात बुटका, आईवर गेलेला. मी आप्पांसारखा सहा फूट. क्लचपासून त्याचा पाय चांगला वीतभर अलीकडे लोंबकळतोय. तो पाय ताणतो, बोटं पुढे करतो. पोचत नाही.

"आता सांग," तो हळूच म्हणतो. आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. "मी ही गाडी घाटात कशी चालवली?"

धुकं आता गाडीत भरलंय. त्याचा चेहरा मला दिसत नाही, नुसते दोन पाय दिसतात.

"मी घाबरलो होतो रे," मी म्हणतो. "पोलीस विचारत होते. आप्पा येणार होते. तू तर... तुला आता कोण काय बोलणार होतं?"

"बोलले की. एकतीस वर्षं बोलताहेत."

"सन्म्या..."

"हात काढू नकोस. घट्ट धर. वळण आलं."

मी पट्टी मुठीत आवळतो. दगडी कठडा धुक्यातून बाहेर येतो. स्टिअरिंगवर माझे हात आहेत, आणि शेजारच्या सीटवर तो हसत मला काहीतरी सांगतोय, वाऱ्यात ऐकू येत नाही.

"काय म्हणतोस?" मी ओरडतो. त्याच्याकडे वळून बघतो. रस्त्याकडे नाही.

"मगदूमसाहेब!"

उल्काताई दारात उभ्या आहेत, हातात चहाचा ट्रे. "केवढ्यांदा ओरडलात! बरं वाटत नाही का?"

"स्वप्न पडलं."

"अहो, कपाळ भिजलंय सगळं. आधी चहा घ्या. गाडीचं काय, मूळची आहे ना? आमच्या ह्यांना फार खात्री होती."

"ताई, गाडीचं थोड्या वेळानं सांगतो. आधी घरी फोन करायचाय."

त्या ट्रे ठेवून जातात. मी उजवी मूठ उघडतो. तळव्यावर पाच खाचा उठल्यात, एकापुढे एक, खोल, आणि त्यांत काळं, जुनं ग्रीस भरलंय. शर्टाला पुसतो. शर्टावर पट्टा उमटतो, खाचांमधलं जात नाही.

त्याच हातानं मी फोन लावतो. फोनची काच ग्रीसनं काळी होते.

"काय रे भरतेश?" आई विचारते. "घेतलीस का गाडी?"

"आई, जरा खाली बस," मी म्हणतो. "त्या दिवशी गाडी मी चालवत होतो."