आतली कडी

मी पदवीधर झालो तो सुमनआत्यामुळे. गावात ती एकटीच राहते.

हिंगण्याला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक काका रोज आपत्कालीन खिडकीजवळ बसत. बसण्याआधी तिची कडी उघडून पाहत आणि पुन्हा लावत. पोरं चिडवायची, "काका, आज उडी मारून राहिले का जी?" ते नुसते हसायचे.

एकदा मी शेजारी बसलो होतो. "रोज काहून पाहता, काका?" मी विचारलं.

कडीवरचं बोट न काढता ते म्हणाले, "बायको न्हाणीत पडली. आतून कडी लावली होती. शेजाऱ्यांनी दार तोडलं, तोवर ती गेली. कारखान्यात दर मॉक ड्रिलले मी सगळ्यात पुढं असतो. घरची एक कडी पाहायची राहिली गा. आता काढून टाकली. पण आता घरात मी एकटाच."

फोनवर आत्याला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी पत्र पाठवलं :

"आत्या, आंघोळीला जाताना शेजारच्या काकूंना सांगून जात जा. लाज वाटेल, पण माझ्यासाठी एवढं कर. रविवारी येऊन न्हाणीची कडी मी काढतो. तोवर दार नुसतं लोटून घे."