ब्लँकेटं पोचल्यावर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईतल्या एका मदत-खात्यात मी टायपिस्ट होते. परदेशात पूर आला, जमीन हादरली की इथून तंबू, ब्लँकेटं, औषधं जायची. त्यांच्या याद्या मी टाइप करायची.

एकदा आमचे अरब साहेब म्हणाले, "दुसऱ्या देशाच्या मदत-खात्यातले दोघं येतायत. पीअर रिव्ह्यू."

"म्हणजे इन्स्पेक्शन?"

"नाही. आपल्यासारखंच काम करणारी माणसं. आपलं काम बघतील, कुठे चुकतं ते सांगतील. पाहुणे आहेत."

पाहुणे म्हणून मी खजूर आणि कहवा मांडला. पण त्यांनी, एक उंच गृहस्थ आणि माझ्याच वयाची एक बाई, आधी फायली मागितल्या. "पाठवलं काय ते कळलं. पोचल्यावर काय झालं, ती फाइल?" अशी फाइल नव्हतीच. तरी मी कपाट उघडून शोधत राहिले.

तिसऱ्या दिवशी हमरिया बंदरातल्या आमच्या गोदामात गेलो. तिथला पॅकर चिपळूणकडचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दुभाषी मी. बाईंनी विचारलं, हा माल मिळालेलं कोणी तुला भेटलंय का?

तो मला म्हणाला, "आमच्याकडं पूर आला तेव्हा हीच ब्लँकेटं आलेली, मॅडम. बहिणीला दोन मिळाली. लोकरीची. आमच्या उकाड्यात कोण पांघरतंय? एक वासराखाली घातलं. दार वाहून गेलेलं, तिथं दुसरं टांगलं."

बाई पेन उचलून थांबल्या होत्या. साहेब शेजारीच. हे सांगायचं की झाकायचं, मला कळेना. मी इंग्रजीत म्हणाले, "त्याच्या बहिणीनं दोन्ही वापरली." त्यांनी लिहून घेतलं.

गाडीत साहेब म्हणाले, "तो एवढा बोलला आणि तुझं एकच वाक्य?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ऐकून मला वाईट वाटलं असतं. पण सांगायला हवं होतंस."

मग पाहुण्यांपुढे झाकायचं असतं की दाखवायचं? दुसऱ्या दिवशी मी बाईंना खरं सांगितलं. त्यांनी ओळ खोडली आणि विचारलं, "मग तिला हवं काय होतं?"

कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर पॅकरनं बहिणीला पत्र टाकून ते विचारलं. उत्तर आलं तेव्हा पाहुणे केव्हाच परतले होते. त्यानं मला ते वाचून दाखवलं: "ब्लँकेटं चांगली होती म्हणून सांग. पण आता कोण विचारतंय? परत मागतायत का?"

"काय लिहू, मॅडम?"

त्या देशाची माणसं या देशाचं काम तपासायला आली आणि प्रश्न गेला तिच्या घरी, हे तिला कसं समजवायचं?

"परत द्यायची नाहीत, एवढंच लिही," मी म्हणाले. बाकीचं मलाच नीट कळलं नव्हतं.